प्रश्न कोणाच्या दारात न्यायचा?

रस्ता खोदून ठेवला आहे, पावसाळा तोंडावर आला आहे आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एकच प्रश्न फिरतो आहे: हे काम कोणाचे? कुणी म्हणतो महापालिकेचे, कुणी एमएमआरडीएचे, कुणी थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहा म्हणून सुचवतो. शेवटी एक सविस्तर, संतापलेले पत्र पाच-सहा कार्यालयांना एकाच वेळी जाते. प्रत्येक कार्यालयाला वाटते की दुसरे कुणीतरी पाहील, आणि उत्तर कुठूनच येत नाही.

मुंबई महानगर प्रदेशात राहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. नागरी माहितीचा प्रश्न विचारताना जबाबदार कोण, दोषी कोण, मोठा अधिकारी कोण, हे सगळे नंतर पाहायचे. पहिला शोध एवढाच: उत्तराचा कागद कोणाच्या दप्तरात आहे? तो कागद ज्या टेबलावर तयार होतो, तिथेच प्रश्न न्यायचा. मंत्रालयात पाठवलेला अर्जही फिरत फिरत अखेर त्याच टेबलावर येतो. मधला वेळ फक्त तुमचा जातो.

हा शोध इथे अवघड का होतो, ते समजून घ्या. महानगर प्रदेश एक दिसतो, पण त्याचा कारभार एक नाही. बृहन्मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका, अंबरनाथ, बदलापूर, पालघर, अलिबाग यांसारख्या नगरपरिषदा, त्यापलीकडे ग्रामपंचायती. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड अशा पाच जिल्ह्यांत हा पसारा आहे. त्यावर १९७५ साली स्थापन झालेले एमएमआरडीए, नवी मुंबईची जमीन हाती असलेले सिडको, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, एमआयडीसी, रस्ते विकास महामंडळ. शिवाय रेल्वे आणि बंदर प्राधिकरण थेट केंद्राचे. दहिसरचा टोलनाका ओलांडला की महापालिका बदलते, जिल्हा बदलतो, पोलीस आयुक्तालयही बदलते. फक्त लोकल तीच राहते.

पाण्याचे उदाहरण घ्या, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. मुंबई महापालिकेला पाणी सात तलावांतून मिळते: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा. धरणापासून तुमच्या इमारतीच्या जोडणीपर्यंतची बहुतेक साखळी महापालिकेच्याच जल अभियंता खात्याकडे आहे. म्हणून दादरच्या माणसाला पाण्याचा दाब कमी का झाला हे विचारायला फार शोधाशोध करावी लागत नाही. जी उत्तर विभाग कार्यालयात जलकामे खात्याचे सहायक अभियंता बसतात. तुमच्या गल्लीची पाणी सोडण्याची वेळ, झडप कधी उघडते, गळतीची दुरुस्ती कधी झाली, या साऱ्याची नोंद तिथे असते.

ठाण्यात तसे नाही. शहराला पालिकेच्या स्वतःच्या योजनेतून, स्टेम प्राधिकरणाकडून, एमआयडीसीकडून आणि मुंबई महापालिकेकडूनही पाणी येते. एका भागात पाणी बंद असते तेव्हा शेजारच्या भागात नळ चालू असतो, त्याचे कारण पुष्कळदा इथे असते. डोंबिवलीच्या औद्योगिक निवासी भागात पाणी एमआयडीसीचे. अंबरनाथ-बदलापुरात नगरपरिषद असली तरी पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे. नवी मुंबई महापालिकेचे मात्र स्वतःचे मोरबे धरण आहे. म्हणून मुंबईबाहेरच्या वाचकांनी पाण्याचा प्रश्न लिहिण्याआधी पाण्याचे बिल हातात घ्यावे. बिलावर ज्याचे नाव, त्याच्याकडे तुमच्या जोडणीचा कागद. पुरवठाच वरून कमी झाला असेल तर त्याला एवढेच विचारायचे की आमच्या भागाला पाणी कोणत्या स्रोतातून येते आणि अमुक महिन्यात त्या स्रोताकडून रोज किती पाणी मिळाले. उत्तरात वरच्या संस्थेचे नाव आपोआप येते. मग दुसरा अर्ज तिकडे.

बिलाची ही युक्ती विजेलाही लागू पडते. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरात मुख्यतः अदानी आणि काही ठिकाणी टाटा, भांडुप-मुलुंडपासून पुढे महावितरण. मुंबईत रस्त्यावरचे दिवेही याच वाटणीने सांभाळले जातात, हे अनेकांना ठाऊक नसते. खांबावर क्रमांक असतो. तक्रारीत रस्त्याच्या नावापेक्षा तो क्रमांक जास्त उपयोगी ठरतो.

रस्त्यांचे तसे बिल नसते, म्हणून इतिहास थोडा माहीत हवा. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग अनेक वर्षे एमएमआरडीएकडे होते. २०२२ च्या अखेरीस ते मुंबई महापालिकेकडे आले. वांद्रे-वरळी सागरी सेतू रस्ते विकास महामंडळाचा, सागरी किनारा रस्ता महापालिकेचा, अटल सेतू एमएमआरडीएचा, शीव-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. मेट्रोतही हाच प्रकार: वर्सोवा-घाटकोपर मार्गाची कंपनी वेगळी, दहिसर-अंधेरीच्या मार्गांचे संचालन एमएमआरडीएच्या महामुंबई मेट्रो कंपनीकडे, कुलाबा-वांद्रे-सीप्झ भुयारी मार्गाची कंपनी आणखी वेगळी, नवी मुंबईची मेट्रो सिडकोची. मात्र खोदणारा कोणीही असो, महापालिकेच्या रस्त्यावर खोदाई करायची तर विभाग कार्यालयाची, म्हणजे वॉर्ड ऑफिसची, परवानगी लागते. गॅस कंपनी असो, वीज कंपनी असो की दूरसंचार, त्या परवानगीचा कागद वॉर्ड ऑफिसात असतो. खोदणाऱ्याचे नाव, मुदत, आणि रस्ता पूर्ववत करण्यासाठी भरून घेतलेली रक्कम, सारे त्यात लिहिलेले असते. लेखाच्या सुरुवातीला जो व्हॉट्सॲप गट आला, त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका कागदात मिळू शकते.

मुंबई महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रशासकीय विभागांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत: दादर जी उत्तर, कुर्ला एल, घाटकोपर एन, मुलुंड टी, अंधेरी पश्चिम के पश्चिम. निवडणुकीचे प्रभाग वेगळे आणि ते २२७ आहेत. नगरसेवक प्रभागाचा असतो, तर सहायक आयुक्त विभागाचे. अर्जात विभागाचे अक्षर लिहा. लोकसंख्या वाढल्याने काही मोठ्या विभागांचे विभाजन झाले आहे, तेव्हा मालाड-अंधेरीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी अलीकडच्या मालमत्ता कराच्या देयकावरून आपले अक्षर पडताळून घ्यावे.

आता इमारतीकडे वळू. घराचा प्रश्न आला की लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि सर्वांत जास्त पैसे मध्यस्थांना देतात, म्हणून इथे थोडे थांबून सांगतो. घराचा एकच कागद नसतो, पाच-सहा असतात, आणि प्रत्येकाचे घर निराळे. जमिनीची मालकी मिळकत पत्रिकेवर, ती नगर भूमापन कार्यालयात. शहरीकरण न झालेल्या भागात सातबारा, तो तलाठ्याकडे. खरेदीखताची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे. मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र ही त्या जागेच्या नियोजन प्राधिकरणाकडे. मुंबईत ते बहुधा महापालिकेचे इमारत प्रस्ताव खाते असते. पण वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीए, झोपु योजनेत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हाडाच्या वसाहतींच्या पुनर्विकासात म्हाडा. शहर भागातली १९६९ पूर्वीची उपकरप्राप्त चाळ असेल तर दुरुस्तीचा प्रश्न म्हाडाच्याच इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जातो. सोसायटीच्या निवडणुका, हिशेब, सभासदत्व हे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे. चालू प्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य पाहता येते. नवी मुंबईत जमीन बहुतेक सिडकोच्या भाडेपट्ट्याची, म्हणून हस्तांतरणाचे कागद सिडकोकडे आणि बांधकाम परवानगी त्या भागातल्या नियोजन प्राधिकरणाकडे.

पुनर्विकासाच्या बैठकीत विकासक सांगतो की सगळे कागद तयार आहेत. तेव्हा त्याला उलटसुलट विचारत बसण्यात अर्थ नाही. मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत नियोजन प्राधिकरणाकडून आपण स्वतः मिळवावी. ज्या सोसायट्या हे आधी करतात, त्यांच्या पुढच्या चर्चा कागदावर होतात आणि आवाज चढवावा लागत नाही.

एकाच जागेवर दोन-तीन धनी असतात, असेही होते. मिठी नदीची जबाबदारी २००५ च्या महापुरानंतर महापालिका आणि एमएमआरडीए यांच्यात टप्प्यांनी वाटली गेली. नाला रेल्वेरुळांखालून जातो, तेवढा तुकडा रेल्वेच्या हद्दीत. अशा वेळी एका अर्जात सगळ्यांना विचारू नका. प्रत्येकाला त्याच्या तुकड्यापुरते विचारा: अमुक पुलापासून तमुक पुलापर्यंत गाळ काढण्याचे काम कोणत्या तारखांना झाले, किती गाळ निघाला, तो कुठे टाकला.

दार सापडले की दुसरा निर्णय येतो: तुम्हाला काय हवे आहे? काम व्हायला हवे, दाखला हवा, की माहिती हवी? या तिन्हींचे मार्ग वेगळे आहेत. कचरा उचलला नाही, झाड पडले, मॅनहोल उघडे आहे, तर ती तक्रार. मुंबईत त्यासाठी १९१६ हा क्रमांक आहे, आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा. जन्मदाखला, विवाह नोंदणी, नळजोडणी, परवाना ही सेवा. तिला २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा लागू होतो. त्याखाली अधिसूचित प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे, ती कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे, आणि मुदत चुकली तर अपील करता येते. कागद पाहायचा किंवा प्रत घ्यायची असेल, तर मग माहिती अधिकार.

माहिती अधिकाराचा अर्ज तक्रारीसारखा वापरला जातो, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यामुळे चांगले हत्यार बोथट होते. उघड्या मॅनहोलसाठी माहिती अधिकारात अर्ज केलात तर कायद्याने कार्यालयाला तीस दिवस मिळतात. मॅनहोलला तीस दिवस देता येत नाहीत. आधी तक्रार करा. ती सुटली नाही तर त्या तक्रार क्रमांकावर कुणी, कोणत्या तारखेला, काय शेरा मारला, त्याची प्रत माहिती अधिकारात मागा. मग अर्जाला नेमके लक्ष्य मिळते.

अर्ज करण्याआधी आणखी एक टप्पा आहे आणि तो बहुतेक जण वगळतात. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती आपणहून जाहीर करायची असते: कोणता अधिकारी कोणते काम पाहतो, निर्णय कसा होतो, अंदाजपत्रक किती, जन माहिती अधिकारी कोण. मुंबई महापालिकेची खातेनिहाय पुस्तिका संकेतस्थळावर आहे. ती वाचायला कंटाळवाणी आहे, हे खरे. पण कोणत्या टेबलावर कोणती नोंदवही असते, ते त्यातूनच कळते. शिवाय राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय व त्याखालच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. निम्मे प्रश्न तिथेच सुटण्याजोगे असतात. जाताना परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा, कारण समोरच्या कर्मचाऱ्याला ते माहीत असेलच असे नाही.

प्रश्नाच्या शब्दांवर आता बोलू. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे नोंदलेल्या, साठवलेल्या रूपात असलेली माहिती. मत, सल्ला किंवा समर्थन द्यायला अधिकारी बांधील नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली स्पष्ट केले की ‘का’ या प्रश्नाचे उत्तर माहितीच्या व्याख्येत बसत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की नसलेली माहिती तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही. म्हणून ‘आमच्या रस्त्याचे काम इतके निकृष्ट का झाले?’ असे लिहिले की अर्ज फेटाळायला आयते कारण मिळते.

त्याऐवजी असे लिहा: ‘अमुक विभागातील अमुक रस्त्याच्या, अमुक चौक ते तमुक चौक या भागातील काँक्रीटीकरणाबाबत, एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ या काळातील पुढील कागदांच्या प्रती द्याव्यात: कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, गुणवत्ता चाचणी अहवाल, आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेले कराराचे पान.’ यात एकही आरोप नाही. पण दोषदायित्व कालावधी संपलेला नसेल, तर तो रस्ता कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि आता ते पान तुमच्या हातात आहे. काम चालू असतानाच शंका असेल तर कायदा त्याहून पुढे जातो: कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क त्यात आहे. हा हक्क फार कमी लोक वापरतात. वापरायला हवा.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. अनेकांना ती जाचक वाटते. माझा अनुभव असा की ती पाळणारा अर्जदार नेमका प्रश्न विचारायला शिकतो. काळ द्या, जागा द्या, कागदाचे नाव द्या, एवढ्यात १५० शब्द पुरतात. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कायद्याने तसे कारण विचारता येत नाही. तोंडी विचारले तरी शांतपणे सांगा की कारण देणे बंधनकारक नाही. दुसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती मात्र मागू नका. तो नकार कायद्यात आहे आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ती बाजू आणखी घट्ट केली आहे. शेजाऱ्याने पोटमाळा बांधला असेल तर शेजाऱ्याबद्दल विचारू नका. त्या पत्त्यावर बांधकामाची परवानगी दिली आहे का आणि दिली असल्यास मंजूर नकाशा कोणता, हे विचारा.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवायचा, असे सहाव्या कलमात आहे. त्याच्या भरवशावर राहू नका. पण अर्ज नुसता परत केला गेला तर त्या कलमाची आठवण लेखी करून द्या. अर्ज हाती दिला तर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. राज्य आणि महापालिकांसाठी राज्याचे ऑनलाइन संकेतस्थळ आहे, तर रेल्वे, बंदर प्राधिकरण आणि विमानतळ प्राधिकरणासाठी केंद्राचे वेगळे. बोरिवली स्थानकातल्या सरकत्या जिन्याबद्दल राज्याच्या संकेतस्थळावर विचारून उपयोग नाही. आणि रेल्वेलाही मराठीत लिहिता येते: ज्या क्षेत्रात अर्ज केला जातो, तिथल्या राजभाषेत तो करण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. हा हक्क सोडू नका.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा अर्धवट आले, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जायचे. इथेच बहुतेक लोक हात टेकतात. कृपया टेकू नका. अपिलाच्या सुनावणीला तुम्ही समोर बसता, तुमचा १५० शब्दांचा अर्ज तिथे वाचला जातो, आणि नेमका कागद मागितला असेल तर तो नाकारणे कठीण जाते. मुदत उलटल्यावर दिलेल्या माहितीचे शुल्कही आकारता येत नाही. त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे: मुंबईच्या कार्यालयांसाठी बृहन्मुंबई खंडपीठ, ठाणे, पालघर, रायगडसाठी कोकण खंडपीठ, रेल्वेसारख्या केंद्राच्या कार्यालयांसाठी दिल्लीचा केंद्रीय माहिती आयोग. आयोग उशिराबद्दल अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंड करू शकतो. तिथे तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून खरी मेहनत पहिल्या अर्जावर आणि पहिल्या अपिलावर घ्या.

खासगी वीज किंवा मेट्रो कंपनीला थेट माहिती अधिकार लागू नाही, असे उत्तर आले तर तिथे थांबू नका. दुसऱ्या कायद्यानुसार एखादे सार्वजनिक प्राधिकरण त्या कंपनीकडून जी माहिती घेऊ शकते, ती त्या प्राधिकरणाकडे मागता येते. वीज दराची, सेवेच्या दर्जाची माहिती वीज नियामक आयोगाकडे असते.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी वाचकांसाठी दोन गोष्टी. पासपोर्टसाठी, वारसाहक्कासाठी जुना जन्मदाखला किंवा मृत्यूदाखला लागतो, आणि तो कुटुंब राहते त्या गावी शोधला जातो. पण नोंद घटना जिथे घडली तिथे असते. परळच्या रुग्णालयात जन्मलेल्या डोंबिवलीकराची नोंद मुंबई महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात, वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात सापडेल. कल्याण-डोंबिवली पालिकेत नाही. दुसरी गोष्ट, माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकाला आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर न्यू जर्सीहूनही अर्ज करता येतो. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असले तरी तो अर्ज इथल्या भावा-बहिणीने स्वतःच्या नावाने करावा.